दारामागचा दुसरा खिळा

माझ्या नवऱ्याला, मिलिंदला हे माहीत नाही. लेकीला, रेवाला नाही. माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही, आणि तिला तर मी लग्नाआधीच्या भानगडीसुद्धा सांगितल्यात. देवापुढे हात जोडतानाही मी हा विषय टाळते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या सोसायटीच्या गेटवर भेटणार नाही. शिवाय गेल्या रविवारी जे झालं त्यानंतर — नाही, रविवारचं शेवटी. आधीचं सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही.

आम्ही वारज्यात राहतो, नदीच्या अंगाला, तळमजल्यावर. फ्लॅट घेताना एजंट म्हणाला होता, इथून नदी दिसते. पुढे नदीच आम्हाला बघायला आली, ती गोष्ट वेगळी. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या ऑफिसात आपत्तीच्या तयारीचं प्रशिक्षण झालं. बाकीचे समोसे येईपर्यंत बसले, मी वही भरून घरी आणली. मी तशीच आहे. करायचं तर नीट करायचं, आणि दुसऱ्यानं नीट केलं नाही तर त्याला ऐकवायचं. मिलिंद म्हणतो, तू हेडमास्तरीण व्हायला हवी होतीस. असो.

तर मी एक सॅक भरली. शिट्टी, टॉर्च, दोरी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी, राजगिऱ्याच्या वड्या, कागदपत्रांच्या झेरॉक्स. आणि प्रत्येकाची एक चेनची छोटी पिशवी — कपड्यांचा जोड, ब्रश, लागणारी औषधं, आधार कार्डाची प्रत. मिलिंदची पिवळी, रेवाची हिरवी, माझी लाल. सॅक दारामागच्या पहिल्या खिळ्याला टांगली. दुसऱ्या खिळ्याला छत्री असायची.

पिशव्या तीन झाल्या. घरात माणसं किती होती? चार.

विसरले, असं म्हणू का? म्हणता येईल. कुणालाही पटेल. पण विसरले नव्हते हो. आई — म्हणजे माझ्या सासूबाई — समोरच पलंगावर लसूण सोलत बसल्या होत्या. मी एकेक वस्तू आत घालताना बघत होत्या. अँजिओप्लास्टी झाल्यापासून त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी रोज सकाळी घ्यावी लागे, आणि ती चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यांनी विचारलं, "माझ्या गोळ्यांची एक पट्टी काढून देऊ का गं?" मी वर न बघता म्हटलं, "राहू द्या, तुमचं नंतर बघते." नंतर म्हणजे कधी? मला माहीत होतं, कधीच नाही.

का, ते सांगते. आई आधी नारायण पेठेत माझ्या थोरल्या दिरांकडे राहायच्या. त्यांची इमारत पाडून नवी बांधायची ठरली, म्हणून दीड वर्षासाठी आमच्याकडे आल्या. दीडाची तीन वर्षं झाली. नवा फ्लॅट मिळाला, वास्तुशांत झाली, आम्ही जेवून आलो — आणि आईंसाठी म्हणून ठेवलेल्या खोलीत जाऊबाईंची ट्रेडमिल बघून आलो. कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली, की ह्या इथं पाहुण्या आहेत आणि पाहुण्याच राहिल्या पाहिजेत. चौथी पिशवी भरली असती तर मी कबूल केल्यासारखं झालं असतं, की ह्या आता इथल्याच. हे मला तेव्हा एवढं स्पष्ट कळत होतं का? हो, कळत होतं. म्हणून तर वर बघितलं नाही.

म्हणजे बघा. घर बुडालं तर काय काय आणि कुणाकुणाचं वाचवायचं, याची मी यादी केली आणि समोर बसलेलं एक माणूस मोजलंच नाही. मग हात धुतले आणि त्यांनीच सोललेल्या लसणाची आमटीला फोडणी दिली. मी? मी असं केलं?

पुढच्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं. सकाळी सात वाजता पार्किंगमध्ये घोटाभर होतं, साडेसातला गुडघ्याला लागलं. भोंग्याची गाडी ओरडत गेली, बाहेर पडा, बाहेर पडा. मिलिंदनं आईंना धरलं, मी सॅक पाठीला लावली, रेवानं मेन स्विच बंद केला. अगदी वहीत लिहिल्याप्रमाणे. वरच्या रस्त्यावरच्या शाळेत पहिल्या मजल्यावरचा वर्ग उघडून दिला होता. आमच्या सोसायटीतली वीस-पंचवीस माणसं तिथं ओलीचिंब बसलेली, कुणाच्या हातात नुसता मोबाईल, कुणाच्या हातात गॅसचं पुस्तक.

आणि मग — लाज वाटते सांगायला — मला आनंद झाला. मी बाकावर सॅक उघडली. टॉर्च काढला, कोरडे टॉवेल काढले, शेजाऱ्यांच्या पोरांना वड्या वाटल्या. शेजारच्या जोशीकाकू, ज्यांनी या सॅकवरून मला वर्षभर टोमणे मारले होते, त्याच मोठ्यानं म्हणाल्या, शिकावं तर शुभांगीकडून. सगळे माझ्याकडे बघत होते. नेमकं तेव्हाच मिलिंदनं विचारलं, "आईच्या गोळ्या कुठल्या पिशवीत आहेत?"

आई पहिलीतल्या मुलांच्या बुटक्या बाकावर बसल्या होत्या, साडीचा काठ पिळत. त्यांना तर माहीत होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, की नाहीत रे, ठेवल्या नाहीत. दोन शब्द. पण सगळी सोसायटी बघत होती ना.

"आईंची पिशवी वेगळी आहे," मी म्हटलं. "निळी. दारामागेच, दुसऱ्या खिळ्याला. घाईत राहिली."

निळी का? कारण पिवळा, हिरवा, लाल हे रंग वापरून झाले होते. खोटं बोलतानासुद्धा मी व्यवस्थितपणा सोडला नाही.

मला वाटलं, तो म्हणेल राहू दे. पण मिलिंद दर रविवारी सिंहगड चढणारा माणूस, त्याला गुडघाभर पाण्याचं काय? त्यानं पँट दुमडायला घेतली. आई एवढंच म्हणाल्या, "जाऊ नकोस रे. एक दिवस गोळी चुकली तर मरत नाही मी." तो म्हणाला, आलोच. जिन्याच्या तीस पायऱ्या तो उतरत होता आणि मी तिथं उभी होते. एक हाक मारायची होती. मिलिंद, थांब. मारली का? आईंनी माझ्याकडे बघितलं, मी टॉवेलच्या घड्या घालायला लागले.

तो दीड तास आला नाही. तेवढ्यात पाणी वाढलं. खिडकीतून आमचं गेट दिसायचं, ते अर्धं बुडालं. शेवटी अग्निशमन दलाच्या माणसांनी त्याला दोरीला धरून वर आणलं. कमरेएवढ्या पाण्यात त्यानं अख्खं घर पालथं घातलं होतं. परत येताना चेंबरचं सरकलेलं झाकण दिसलं नाही, पाय आत गेला. घोट्याचं हाड मोडलं, नडगी उभी फाटली, आणि त्या घाण पाण्यात गेटचा गज धरून तो एकटा उभा होता. आईंना गोळ्या मात्र दुपारी शाळेतच मिळाल्या. डॉक्टर आले होते, दोन मिनिटांत देऊन गेले.

तीन ऑपरेशनं झाली. जंतुसंसर्ग हाडात गेला होता. पाय वाचला, पण चाल गेली. सिंहगड सोडा, आता त्याला आमच्या गेटची चढणसुद्धा थांबून थांबून चढावी लागते.

पण माझा गुन्हा इथं संपत नाही. तिसऱ्या दिवशी, हॉस्पिटलात. मिलिंद शुद्धीवर होता. आधी आईंना म्हणाला, मला नाही गं सापडली तुझी पिशवी. माफीच मागत होता. मग माझ्याकडे वळला. दुसऱ्या खिळ्याला फक्त छत्री होती, शुभा. तू नक्की कुठं ठेवली होतीस? त्याच्या आवाजात काहीतरी होतं, संशय म्हणा. आणि तेवढ्यात आई बोलल्या.

"तिनं तिथंच ठेवली होती. मीच काढली रे, आदल्या दिवशी. गोळ्या संपल्या म्हणून. कपाटात राहिली."

मिलिंद ओरडला. "तुला काही कळतं का आई? मरता मरता वाचलोय मी!" वीस वर्षांच्या संसारात त्यानं आईला आवाज चढवलेला मी पहिल्यांदा ऐकला. त्या मान खाली घालून म्हणाल्या, चुकलं. मी काय केलं? मी मोसंबं सोलत होते. सोलत राहिले. फोडी नीट वेगळ्या केल्या, बिया काढल्या, आणि त्याला भरवल्या.

त्यांनी असं का केलं असेल? मुलाचा संसार मोडू नये म्हणून? माझी दया आली म्हणून? मी बरीच वर्षं अशीच गोड उत्तरं स्वतःला दिली. तिसरं उत्तर जास्त खरं वाटतं, आणि ते मला सहन होत नाही. खरं बोलल्या असत्या तर राहायचं कुणाकडे माझ्याशी वाकडं घेऊन? तिकडे तर ट्रेडमिल होती.

आमच्यात त्यावर एकदाच बोलणं झालं. घरातला चिखल काढत होतो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "शुभांगी, शिलाईचं मशीन सुरू झालं की एक पिशवी शिव. निळीच शिव." बस. ना राग, ना रडणं. मी शिवली. तेव्हापासून ती दुसऱ्या खिळ्याला असते.

लोकांना काय, सॅक लक्षात राहिली. सोसायटीत दरवर्षी पावसाळ्याआधी माझं व्याख्यान ठेवतात, घरची तयारी कशी करावी म्हणून. मी सॅक घेऊन जाते. प्रत्येक माणसाची वेगळी पिशवी, असं ठासून सांगते आणि नमुना म्हणून निळी दाखवते. हो, निळीच. इतकी मी निर्ढावले. घरात त्या प्रकाराचा विनोद झालाय. कुणी पाहुणे आले की मिलिंद म्हणतो, आमच्या आईसाहेबांनी गोळ्या लपवल्या आणि आम्ही लंगडे झालो. सगळे हसतात. आईही हसायच्या. हसताना एकदा माझ्याकडे बघायच्या. ते बघणं चुकवायची मला सवय झाली होती.

गेल्या वर्षापासून आईंना विसरायला होतं. दुपारी जेवल्या की तासाभरात विचारतात, जेवण झालं का. मिलिंदला कधीकधी थोरल्याच्या नावानं हाक मारतात. मला सांगा, अशा माणसाची काळजी वाटायला हवी की नाही? मला वाटते, खरंच वाटते. पण मनात कुठंतरी सुटकाही वाटली. ऐका, काय माणूस आहे मी.

आता रविवार. सोसायटीचा हॉल भरला होता. आई पहिल्या रांगेत, मिलिंद कडेला पाय लांब करून. मी निळी पिशवी वर धरली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. तर आई उठून उभ्या राहिल्या. हात जोडले आणि सगळ्यांना म्हणाल्या, "माझ्यासारखं करू नका गं कुणी. मी माझी पिशवी कपाटात ठेवून विसरले, आणि माझ्या लेकाचा पाय गेला."

आणि रडायला लागल्या. हुंदके देऊन.

आधी मला वाटलं, नेहमीसारखं मला सांभाळून घेताहेत. मग मी त्यांचे डोळे बघितले. त्यात माझ्यासाठी काहीही नव्हतं. त्यांना तसंच आठवतं आता. आपणच केलं, असंच आठवतं. त्यांच्यापाशी जे खरं होतं तेही गेलं, आणि त्या जागी माझं खोटं जाऊन बसलं.

मिलिंद लंगडत त्यांच्यापाशी गेला. शेजारी बसला, पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "रडू नकोस आई. मी तुला केव्हाच माफ केलंय."

माझ्या हातात माइक होता, चालू होता. मला एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते ऐकायला हवी होती ती दोन्ही माणसं समोर दहा फुटांवर बसली होती.

मी म्हटलं, आता टॉर्चकडे येऊ या. सेल आत घालून ठेवू नका, गळतात. बाहेर वेगळे ठेवा.

लोकांनी लिहून घेतलं.