मोकळा खण

पार्टिशनच्या कामात मिस्त्रीचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि जळफळण्यातही नव्हता. घराच्या वाटण्या झाल्या, आईने धाकट्या भावाकडे राहायचं ठरवलं, तेव्हापासून त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेचना. मधल्या मोठ्या खोलीचे दोन भाग करायचे होते. एकात मिस्त्रीचं स्वयंपाकघर, दुसऱ्यात आईचा पलंग. भिंत घालायचं काम अर्थातच याच्याकडे आलं.

"दादा, आवाज येणार नाही असं कर हं," धाकटा म्हणाला. तो घरीच शिकवण्या घ्यायचा. "आत थर्माकोल भरला तर?"

"थर्माकोलने आवाज थांबत असता तर मी कशाला हवा होतो?" मिस्त्रीने त्याला उडवून लावलं. "काचेचा कापूस चालतो, पण मी रॉकवूल घालणार, दगडापासून केलेली लोकर. जड असतं, खणात घट्ट बसतं. कोंबून भरायचं मात्र नाही, आणि फट म्हणून ठेवायची नाही."

बोलला ते खरंच होतं. त्याने फ्रेम उभी केली, रॉकवूलच्या लाद्या मापात कापून एकेका खणात बसवल्या, कडा बंद केल्या. फक्त आईच्या उशाशी येणारा खण तेवढा मोकळा ठेवला आणि वरून बोर्ड लावून टाकला. आई आपल्याबद्दल काय बोलते ते त्याला ऐकायचं होतं. थोरल्याशिवाय करमत नाही, असं एकदा तरी म्हणेलच की ती.

ती काही म्हणाली नाही. उलट मिस्त्री जेवायला बसून बायकोपाशी तोंड सोडायला लागला, की पलीकडे आईला ऊत यायचा. "गोड बोलून आईला खिशात घातलंय त्याने. लहानपणापासून आयतं खायची सवय," हा इकडे म्हणतोय, तोवर तिकडे आई कुठली तरी गोष्ट मोठमोठ्याने सांगून स्वतःच खो खो हसायची. आपल्याबरोबर कधी हसली का अशी? मिस्त्री ताट बाजूला सारायचा.

"जेवा निमूट," बायको म्हणायची. "हसू दे की त्यांना."

मग तो आणखीच आवाज चढवायचा.

एका दुपारी धाकटा बाहेर गेल्याचं पाहून आई याच्या स्वयंपाकघरात आली. भिंतीवर हात फिरवत गेली आणि नेमकी त्या खणापाशी थांबली.

"इथे आत काही भरलेलं नाही ना?" तिचा आवाज पार बसला होता.

फटीतून आवाज येतो तसा जातोही, हे गिऱ्हाइकांना बजावून सांगणाऱ्या माणसाच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

"तू धाकट्याबद्दल जे जे बोलतोस ते सगळं ऐकू येतं," आई म्हणाली. "तो त्याच वेळी माझ्यापाशी बसून जेवत असतो. अजून दादा दादा करतो रे तुझं. त्याच्या कानावर जाऊ नये म्हणून मी ओरडत असते, हसत असते. काय सांगतेय ते माझं मलाच कळत नाही."

ती खुर्चीवर टेकली.

"आता माझ्याच्याने होत नाही. भरून टाक तो खण."