अडीच हात

गळ्यातली टेप खाली ओढायची, तिचं पितळी टोक दोन बोटांत धरायचं आणि मगच तोंड उघडायचं, ही शिंपीकाकांची सवय. "सुम्ने नाही सांगत, मापानं सांगतो," असं म्हणायचे आणि भुताची गोष्ट सुरू करायचे.

सुम्ने म्हणजे उगाच. आमच्या म्हैसूरकर मराठीत निम्मे शब्द कन्नड असतात, त्यांच्या बोलण्यात पाऊण असायचे. बोगादीच्या पुढं जुन्या गावाचा मसणवटा आहे. त्याच्यासमोर पत्र्याच्या खोलीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. गावातली मजुरी करणारी माणसं आपली मेलेली माणसं तिथं पुरत. दगड कुणी बसवला नाही. एक करंज, एक चिंच, एक पडकी भिंत, बाकी गवत. कुणी गेलं की पांढरं कापड यांच्याकडून जायचं आणि कापडामागोमाग हेही जायचे. बाकीचा दिवस मशीनवर पाय आणि तोंडात भूत.

मी तेव्हा अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं काढणाऱ्या सात जणांच्या समितीत होते. आजही आहे. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, जो स्वतः हसतमुख असतो आणि अख्ख्या रस्त्याला घाबरवून सोडतो. मला अशा माणसांचा संताप येतो. इंजिनियर झालेली माणसं त्या रस्त्यावरून जाताना गाडीच्या काचा वर करायची, बंपरला लिंबू-मिरची बांधायची. आणि या सगळ्याचा कारखाना कुठं, तर त्या पत्र्याच्या खोलीत.

त्यांची भुतं दुपारी बाराला यायची.

"रात्री का नाही येत, काका?" मी एकदा खवचटपणे विचारलं.

"रात्री कोण बघायला येतंय, पुट्टी? दुपारी माणसं म्हशी सोडायला येतात. तेव्हा दिसलं तर उपयोग."

पुट्टी म्हणजे छोटी पोरगी. मी एम.ए. झालेली, त्यांच्या लेखी पुट्टीच.

भुतं तीन. करंजापासून कालव्याच्या बाजूला अकरा हातांवर एक बाई, तिच्या बांगड्या वाजतात. पडक्या भिंतीपासून नऊ हातांवर मेटगळ्ळीच्या कारखान्यातला एक कामगार, तो सायकलची घंटी वाजवतो. या दोघांच्या गोष्टी ते रंगवून सांगायचे. बाईच्या बांगड्या हिरव्या, बाळंतपणात भरलेल्या. कामगाराच्या हँडलला डबा लटकलेला, डब्यात लिंबूभात. तिसरं भूत एक रांगतं मूल. ते चिंचेपाशी. त्याची गोष्ट एका वाक्यात संपायची. "तिथं एक मूल रांगतं. आयतु, झालं." आणि मशीन सुरू.

आम्ही ठरवलं, अमावस्येला भर बाराला मसणवट्यात चटई टाकून चुरमुरे खायचे, भाषणं करायची. बाईनं मसणवट्यात जायचं नाही म्हणतात, म्हणून भाषण मीच करणार होते. कापडी फलक हवा होता. शिंपी जवळ एकच. मी मुद्दाम त्यांच्याकडेच दिला. 'भुतं नसतात, भुतांचे धंदे असतात' असं कन्नडमध्ये रंगवलेलं.

त्यांना आकडे सोडून काही वाचता येत नसे. फलक परत देताना म्हणाले, "काय लिवलंय ते तुझं तू बघ. कड मी डबल मारलीय. वाऱ्यात फाटायची नाही."

अमावस्येला आम्ही चटई टाकली. शंभरेक बघे रस्त्यावर उभे, आत यायची कुणाची छाती नाही. मी बोलायला उभी राहणार, तेवढ्यात हे टेप घेऊन आत आले. करंजाच्या बुंध्याला टेप लावली, मोजत मोजत आमच्यापर्यंत आले आणि चटईचं टोक धरून म्हणाले, "सरका स्वल्प. चार हात इकडं. हां, आता बसा. पाणी देऊ का?"

आम्ही सरकलो, कारण हसू आवरत नव्हतं. पुढच्या पत्रकात मी लिहिलं: 'भुताचा ठेकेदार घाबरला! चटई सरकवत बसला!' ठळक अक्षरांत.

त्या पत्रकासाठी मी त्यांच्या तोंडून तिन्ही गोष्टी ऐकून लिहून घेतल्या, म्हणजे खोटेपणा त्यांच्याच शब्दांत उघडा पडेल. त्यांना कळत होतं मी कशासाठी लिहितेय. तरी सांगत होते. "माप घातलंस ना? वाच बघू." मी वाचून दाखवायची, ते मान हलवायचे. मला वाटलं, म्हातारा छापून यायला हपापलाय.

"काका, खरं सांगा. एक तरी भूत तुम्ही डोळ्यांनी बघितलंय?"

"नाही."

"मग का सांगता?"

त्यांनी सुईत दोरा ओवला. "नाव सांगितलं तर कोण ऐकतंय, पुट्टी? भूत म्हटलं की थांबतात."

सापडला चोर! मी हे वाक्य 'ठेकेदाराची कबुली' म्हणून चौकटीत छापलं. तिसऱ्या भुताबद्दल लिहिलं, 'ही गोष्ट तर त्याला धड रचताही आलेली नाही.' आणि शेवटी, पानभर रुंदीत: 'तिथे काहीही नाही.'

पत्रक वाटून चार दिवस झाले असतील. ते दोन बस बदलून विजयनगरला आमच्या घरी आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टेप. आईनं कॉफी दिली, ती त्यांनी टेकवून ठेवली.

"कुणीतरी वाचून दाखवलं," ते म्हणाले.

मी भांडणाच्या तयारीतच होते. "मग? काय खोटं आहे त्यात?"

"चिंचेचं. तीन हात घातलंयस. अडीच आहे."

छापताना अडीचाचे तीन मीच केले होते, सुटसुटीत दिसावं म्हणून. मला खरंच वाटलं ते थट्टा करतायत. "काका, अर्ध्या हातानं भुताला काय फरक पडतो?"

"भुताला नाही पडत," ते म्हणाले. मग कॉफी प्यायले, आईला नमस्कार केला. जाताना दारात थांबून पुन्हा म्हणाले, "परत छापशील तेव्हा अडीच घाल."

मी काही परत छापलं नाही. घरात सगळ्यांना नक्कल करून दाखवली मात्र. टेप ओढून, पितळी टोक धरून. खूप हशा मिळाला.

दुकान बंद दिसलं तेव्हा त्यांना जाऊन तेरा दिवस होऊन गेले होते. समोर मसणवटा असून त्यांना तिथं नेलं नव्हतं. आमच्यात मोठ्या माणसांना जाळतात. काकू खोलीत बसून उरलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांवर कुणाचं काय ते आठवत होत्या. बोलायला काही सुचेना, म्हणून मी त्या अर्ध्या हाताची गोष्ट सांगितली. हसतील असं वाटलं होतं.

"आमची पोरगी गं ती," काकू म्हणाल्या. "अकरा महिन्यांची. नुकती रांगायला लागलेली. लहानग्यांना पुरतात ना, तिथं ठेवली. तुला गोत्तिल्ला?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच कुठं होतं?

"आणि ती बांगड्यांची बाई?"

"शेतावर कामाला यायची. बाळंतपणात गेली. हिरव्या बांगड्यांसकट पुरली तिला. कापड यांनीच फाडलं. खड्डा कुठं, ते झाडापासून मोजून ठेवायचे. लिवता येत नव्हतं ना."

चटई आम्ही कुणावर टाकली होती, ते मला तेव्हा समजलं. भाषणात मी तिच्यावर एक विनोदही केला होता. टाळ्या पडल्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात मसणवट्यात चुन्याच्या रेघा पडल्या. लेआउट होणार. मी हरकतीचा अर्ज घेऊन मोजणीच्या साहेबांसमोर उभी राहिले. साहेब सभ्य होते, खुर्ची दिली.

"मॅडम, दगड नाही, चौथरा नाही, नोंद नाही. कोण कुठं पुरलंय, काही लेखी आहे?"

लेखी एकच होतं. मी पत्रक पुढं केलं. तीन माणसं, तीन ठिकाणं, हातांत मोजलेली. त्यांनी शांतपणे वाचलं, पान उलटलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"'तिथे काहीही नाही.' हे तुम्हीच छापलंय ना?"

हो. मीच. ठळक अक्षरांत.

अर्ज फेटाळला. भिंत गेली, करंज गेला. चिंच ठेवलीय, जाहिरातीत सावली दाखवायला. रविवारी गाड्या भरून लोक प्लॉट बघायला येतात. हे लोक बघून घ्या तुम्ही एकदा. होकायंत्र घेऊन येतात, पूर्वमुखी आहे का पाहतात, ईशान्येला पाणी हवं म्हणतात. इथं माणसं पुरलीत असं मी त्यांना सरळ सांगते. ते दलालाकडे बघतात. दलाल म्हणतो, "रेकॉर्डला काही नाही सर." की संपलं. दिशेला घाबरणाऱ्या माणसाला मेलेल्या बाईची जराही चाड नाही.

गेल्या रविवारी एक नवराबायको चिंचेखालीच उभे होते. पुण्याहून बदलून आलेले, त्यामुळं बोलणं मराठीत. मी त्यांना नाव सांगितलं. काकूंनी मला पोरीचं नाव सांगितलं होतं, ते. अकरा महिन्यांची होती, असंही मी म्हणाले. नवरा म्हणाला, "ओह." आणि पायानं अंतर टाकत बोअरवेल कुठं घ्यायची ते बघायला लागला.

भुतं नसतात. मी आजही तेच छापते, आणि उद्या कुणी भुताच्या नावानं कुणाला लुटलं तर त्याच्या दारात फलक घेऊन उभी राहीन. डबल कडेचा तो फलक अजून फाटलेला नाही.

"ताई," मी त्या बाईला म्हणाले, "इथं दुपारी बाराला एक मूल रांगतं."

नवऱ्याचा पाय उचललेला होता, तो तसाच राहिला. बाईनं पदर सावरला.

"कुठं?"

"सुम्ने नाही सांगत," मी म्हणाले. चिंचेच्या बुंध्याला हाताचं कोपर टेकवलं, एक हात मोजला, दुसरा मोजला, मग अर्धा. तिथं गवतावर बोट ठेवलं. नवरा तीन पावलं मागं सरकला.

"इथं. अडीच हात. कागदात तीन छापलंय, ते चूक आहे."