काळ्या पाठीची सुरय

आज ओलं जाळं झटकलं आणि त्या वासानं धरणाकाठची ती जुनी सकाळ परत आली. वादळात भरकटलेला समुद्रपक्षी शोधायला शहरातले साहेब दुर्बिणी घेऊन आले होते. आमच्या नदीच्या सुरय पक्ष्यांत एक काळ्या पाठीची बसली होती.

“नदीचीच आहे, भिजून काळी दिसते,” त्यांतले एक साहेब म्हणाले.

मी कधी नव्हे ते बोलले, “नाई साहेब. आमची सुरय पाण्यात बुडी मारते. हिनं वरच्यावर मासोळी उचलली, अंग भिजू दिलं नाई.”

“बाई, कितवी शिकल्या?”

“चौथी.”

सगळे हसले. मी पदर ओढून गप्प झाले. त्यांनी वहीत नदीची सुरय लिहिली.

आता मी गप्प बसत नाही. माझ्या वहीत लिहिते: ती समुद्राचीच होती. आणि कोरडी होती.