घडी घातलेले फाटे

ऑफिसात सगळे तिला मावशी म्हणत. टायरच्या दुकानावरचा एक मजला, त्यात संगणकाच्या पडद्यांपुढे बसलेली पंचविशीच्या आसपासची पोरंपोरी, आणि त्यांच्यात पन्नाशी ओलांडलेली ही एकटी. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी गमतीने मावशी म्हटलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलं. तिने तक्रार केली नाही. तक्रार करायला अंगात जोर लागतो, आणि संध्याकाळपर्यंत तो उरत नसे.

ती गोष्टींचे गेम लिहायची. ज्यात गोळ्या झाडायच्या नसतात, गाड्या पळवायच्या नसतात. एक माणूस चालवायचा, त्याला भेटतील त्यांच्याशी बोलायचं, आणि समोरच्याने काही विचारलं की खाली येणाऱ्या दोन-तीन उत्तरांतलं एक निवडायचं. या उत्तरांना ऑफिसात ‘फाटे’ म्हणत. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय स्वातंत्र्य! खेळणारा राजा! पण खरा फाटा हा हत्ती पाळण्याचा प्रकार आहे. दोन वाटा खरोखर वेगळ्या न्यायच्या तर गोष्टी दोन लिहाव्या लागतात. चित्रं दुप्पट, आवाज दुप्पट, चुका तर चौपट. असे पाच-सहा फाटे खरे ठेवले असते तर त्या मजल्यावरची पोरं तिथेच म्हातारी झाली असती.

म्हणून घडी घालायची. ‘हो’ म्हणा, ‘नाही’ म्हणा, नाहीतर तोंड शिवून बसा. समोरचा माणूस त्या-त्या उत्तराला शोभेल असं एक वाक्य बोलतो, आणि मग सगळ्या वाटा गुपचूप दुमडून पुढच्या एकाच प्रसंगात येतात. ते मधलं एक वाक्य म्हणजे सगळी कारागिरी. ते जमलं तर खेळणाऱ्याला वाटतं, मीच घडवलं हे. नाही जमलं तर शिवण दिसते. मावशीची शिवण कधी दिसत नसे. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणाला ते करायचंही नव्हतं.

“मावशी, खेळणाऱ्याला वाटलं पाहिजे,” असं दिग्दर्शक म्हणायचा. दिग्दर्शक म्हणजे दाढी राखलेला, स्वभावाने चांगला, पण दर दोन वाक्यांत एकदा ‘वाटलं पाहिजे’ म्हणणारा मुलगा. “आपण निवडलं, असं वाटलं पाहिजे.”

“वाटेल,” मावशी म्हणायची, आणि पुन्हा खाली मान घालायची.

त्या वर्षी त्यांचा जो गेम निघाला तो एका नावाडणीचा होता. नदीवर होडी चालवणारी विधवा बाई आणि तिचा तरणाताठा मुलगा. खेळणारा म्हणजे ती बाई. सगळ्या गेमभर माणसं ऐलतीरावरून पैलतीरावर न्यायची, त्यांच्या कहाण्या ऐकायच्या, आणि शेवटी मुलगा विचारतो, “आई, मी जाऊ का गं शहरात?” तीन फाटे. ‘जा.’ ‘थांब.’ आणि काही न बोलता वल्हं मारत राहा. मुलगा तिन्हीत जातो. जायलाच हवा, कारण पुढचा प्रसंग रिकाम्या होडीचा होता आणि चित्रं आधीच काढून झाली होती. त्या तीन वाक्यांवर मावशीने पंधरवडा घासला. लोकांनी पुढे त्या शेवटाचं फार कौतुक केलं. आम्ही रडलो, असं अनोळखी माणसांनी लिहून कळवलं. मावशीला त्याचा आनंद झाला, पण थोडाच. दुसऱ्या गेमचे फाटे तोवर टेबलावर येऊन पडले होते.

अशात तिची आई जिन्यात पडली.

आई चौथ्या मजल्यावर एकटी राहायची, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. तिने उभं आयुष्य शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काढलं होतं. निवृत्त झाल्यावर खिडकीशी मशीन मांडून ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या विजारी आखूड करून द्यायची. तोंडाने फटकळ, हाताने सढळ. तिच्याकडे गेलं की ती विचारायची, “चहा घेणार?” आणि तुम्ही नको म्हणा, आत्ताच झाला म्हणा, डॉक्टरने बंद केलाय म्हणा, कप पुढ्यात यायचाच. मावशी लहानपणापासून नको म्हणत आली होती आणि लहानपणापासून पीत आली होती.

मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर निघेपर्यंत आईला मावशीने आपल्या घरी आणलं. मावशीचा नवरा फिरतीवर, घरात दिवसभर कुणी नाही. हात बांधलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईने करायचं काय? शेवटी मावशीने तिला नावाडणीचा गेम लावून दिला. डाव्या हाताने माऊस धरायला आई दोन दिवसांत शिकली. होडी चार वेळा खडकावर घातली, त्या गेमला आणि तो करणाऱ्यांना शिव्या दिल्या, पण सोडला नाही.

एके संध्याकाळी मावशी घरी आली तर आई पडद्यापुढे घुश्शात बसलेली.

“काय झालं?”

“मी थांब म्हटलं त्याला.”

“मग?”

“गेला ना मेला! म्हणतो, तुझं ऐकता आलं असतं तर बरं झालं असतं, आणि चालता झाला. मग मी पुन्हा खेळले, जा म्हटलं. गेला. मग गप्प बसून पाहिलं. तरी गेला.” आईने माऊस बाजूला सारला. “जायचंच होतं तर त्याने मला विचारलं कशाला?”

मावशीने पर्स खांद्यावरून न उतरवताच तिला घडी समजावून सांगितली. कष्ट कसे वाचतात, खेळणाऱ्याला बरं कसं वाटतं, सगळं. आईने शांतपणे ऐकून घेतलं. गिऱ्हाईक कापडाबद्दल सांगायला लागलं की ती असंच ऐकायची.

“म्हणजे तोंडदेखलं विचारायचं,” ती शेवटी म्हणाली.

“तसं नाही गं.”

“तसंच आहे. छान लिहिलंयस पण. मी फसले की.”

प्लास्टर निघालं आणि आई दुसऱ्याच दिवशी आपल्या घरी परत गेली. हात पूर्वीसारखा वळत नव्हता, जिना चढताना दर मजल्याला टेकावं लागत होतं. मावशी आता रोज ऑफिस सुटलं की आधी तिकडे जायची. भाजी वर न्यायची, कचरा खाली आणायची, औषधं डबीत लावायची, आणि मग दोन बस बदलून आपल्या घरी. रविवारी धुणी. ती फार थकली होती. हे तिने कुणाला सांगितलं नाही. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली की मात्र तिला रडू यायचं, कारण काही नसताना.

तेव्हा धाकट्याचा फोन आला. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. गावाच्या दुसऱ्या टोकाला बायकोमुलांबरोबर राहणारा, मनाने वाईट नाही, पण प्रत्येक गोष्ट चुटकीसरशी मिटवायची घाई असलेला.

“ताई, हे असं किती दिवस चालवणार तू? तिला हलवू या तिथून. तुझ्याकडे नाहीतर माझ्याकडे.”

“ती येणार नाही.”

“येतेस का म्हणून विचारलं तर नाहीच येणार. तसं विचारायचंच नाही. तू बोल, तुझं शब्दांचं काम आहे.”

मावशीने हो म्हटलं. खरं म्हणजे त्या क्षणी तिला सुटल्यासारखं वाटलं. जिना नाही, दोन बस नाहीत. रविवार तिचा. तिने बसमध्ये बसल्या बसल्या वाक्य जुळवलं, पुसलं, पुन्हा जुळवलं. हाताला वळण पडलेलं होतं. इतकी वर्षं परक्यांच्या गळी हेच उतरवलं होतं, तर आईला दोन वाटा मांडून देताना आपण काही वावगं करतोय हे तिच्या मनालाही शिवलं नाही.

रविवारी दुपारी दोघं बहीणभाऊ आईसमोर बसले. चहा झाला, नको म्हणूनही झाला. आई मशीनवर कुणाच्या तरी विजारीची पट्टी घालत होती. दुखरा हात सावकाश चालत होता.

“आई,” मावशी म्हणाली, “आम्ही दोघांनी जागा करून ठेवलीय. माझ्याकडे आलीस तर बागेकडची खोली तुझी. धाकट्याकडे गेलीस तर नातवंडं आहेत, गजबज आहे. तुला जे आवडेल ते. तूच ठरव. आमचं काहीच म्हणणं नाही.”

वाक्य झकास होतं. शिवण कुठे दिसत नव्हती. धाकट्याने कौतुकाने बहिणीकडे पाहिलं.

आईने मशीनचं चाक हाताने थांबवलं. विजार उलटी करून पट्टी तपासली, दोरा दातांनी तोडला.

“ही ती तुझी घडी ना गं?” तिने विचारलं.

मावशीने चहाचा रिकामा कप खाली ठेवला.

“कसली घडी?” धाकटा म्हणाला.

“तुझ्या बहिणीला विचार. तिकडे नावाडणीचा पोरगा, इकडे मी. हो म्हणा, नाही म्हणा, होडी रिकामीच.” आईचा आवाज चढला नव्हता, हे जास्त वाईट होतं. “परक्या लोकांना फसव, बाई. ते गंमत म्हणून येतात. मला कशाला?”

मावशीला शरम वाटली. नजर आईवरून काढून तिने फरशीवर लावली. धाकटा समजूत घालायला लागला, जिना, मोडलेला हात, उद्या काही झालं तर, आणि त्यातलं एकही म्हणणं खोटं नव्हतं. आई त्याच्याकडे पाहतच नव्हती. ती मावशीकडे पाहत होती, आणि वाट पाहत होती.

आता मावशीला गप्प राहता आलं असतं. गप्प राहणं हाही फाटाच होता. धाकट्याने महिन्याभरात सगळं मार्गी लावलं असतं, आणि दोष कुणालाच आला नसता. तिला ते हवंही होतं. खरा प्रश्न विचारला तर उत्तर काय येणार हे तिला ठाऊक होतं, आणि त्या उत्तरापुढचं सगळं कुणाला करावं लागणार, हेही. धंद्यातली माणसं खरा फाटा का टाळतात हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

“तुला इथून जायचंय का?” तिने विचारलं.

“नाही,” आई म्हणाली.

“पण का?” धाकटा उसळला.

“इथे मी कुणाची पाहुणी नाही. दिवा कधी मालवायचा ते मी ठरवते. एवढं पुरत नसेल तर दुसरं कारण नाही माझ्याकडे.”

“आणि पडलीस म्हणजे?”

“पडेन.”

धाकट्याने तावातावाने चपला घातल्या. “मग तूच बघ आता, ताई. तूच विचारलंस,” असं म्हणून तो निघून गेला. रागाने बोलला, पण बरोबर बोलला. मावशीने पुढच्याच महिन्यात जिन्याला दुसऱ्या बाजूने कठडा बसवून घेतला, सकाळी डोकावून जायला खालच्या मजल्यावरची एक बाई ठरवली, धाकट्याशी गोड बोलून एकाआड एक रविवार त्याच्या गळ्यात घातला. कामं थोडी वाटली गेली. बाकीची तिच्याकडेच राहिली.

पुढे एका मंगळवारी ती भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होती. ऑफिसात दिवसभर त्याच त्या फाट्यांवरून डोकेफोड झाली होती, दिग्दर्शकाला नव्या गेमच्या शेवटी अजून एक घडी हवी होती. तिसऱ्या मजल्यावर ती चक्क पायरीवर बसली. तिला आईचा राग आला. आपण विचारलं याचाही राग आला. नसतं विचारलं तर आत्ता आपण घरी पाय वर करून बसलो असतो, असं तिने स्वतःशी स्पष्ट म्हटलं, आणि ते म्हणूनही काही हलकं वाटलं नाही. मग ती उठली आणि राहिलेला मजला चढली.

आईने दार उघडलं. पिशवी घेतली, मुलीचा चेहरा पाहिला. आत जाऊन गॅसपाशी उभी राहिली.

“चहा घेणार?”

“नको,” मावशी सवयीने म्हणाली आणि खुर्चीत टेकली.

आईने मान डोलावली. तिने पातेल्यात एका कपाचं पाणी ओतलं, एक चमचा साखर घातली, एकच कप काढला. चहा गाळून ती मशीनपाशी जाऊन बसली आणि फुंकर घालत पिऊ लागली.

मावशी बघत राहिली. वाफ येत होती, वासही येत होता. तिला चहा हवा होता. खरं म्हणजे खालच्या फाटकापासून हवा होता.