कुरामोची यांची शेगडी

तादासुके कुरामोची (१९३१–२००९) हे जपानमधील ताकाओका येथील रेल्वेचे निवृत्त सिग्नलमन. गॅस चालू राहिला असेल, या धास्तीने त्यांना रात्री झोप लागत नसे. उपाय त्यांनी नोकरीतूनच आणला. रेल्वेत चूक टाळण्यासाठी सिग्नलकडे बोट रोखून त्याची स्थिती मोठ्याने पुकारायची पद्धत असते, तसे ते शेगडीकडे बोट रोखून गर्जत, "गॅस बंद!" आणि तत्काळ झोपत. आमच्या घरांमधील भिंत पातळ असल्याने मीही त्यानंतरच झोपे.

एकदा सर्दीने त्यांचा आवाज बसला. मध्यरात्र उलटली, तरी त्यांच्या येरझाऱ्या थांबेनात. अखेर मीच ओरडलो, "गॅस बंद!"

पलीकडून त्यांच्या पत्नी फुसाए म्हणाल्या, "अहो ओगिनोसान, हे विचारताहेत, न बघताच कसं सांगितलंत?"

आक्षेप रास्त होता. कोट चढवून मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो, बोट रोखले आणि गर्जलो.

फुसाए हसून हसून खालीच बसल्या. "हळू हो! घोरायलासुद्धा लागले!"

कुरामोचींच्या निधनानंतर फुसाएबाई पुकारतात. दोनदा पुकारतात, दुसऱ्यांदा माझ्या गॅससाठी, न बघताच. त्याविषयीचा माझा आक्षेप अद्याप प्रलंबित आहे. झोप मात्र लागते.