बुधवारचं प्रस्थान

दादाचं कार्ड सोमवारी सकाळी आलं. कोयनेच्या जलाशयाच्या पार पलीकडच्या काठाला जंगलखात्याची चौकी होती, तिथं तो गार्ड होता. कार्डात चारच ओळी. एक दिवसाआड थंडीताप येतो. रजा मंजूर झाली आहे, पण जोडीदार सुट्टीवर गेलाय. बुधवारच्या लाँचनं न्यायला या. धक्क्यापर्यंत मी उतरून येईन, पुढं एकट्यानं झेपायचं नाही.

'झेपायचं नाही' हे शब्द दादाच्या तोंडी मी कधी ऐकले नव्हते. पाय मुरगळला असतानाही उसाच्या मोळ्या वाहणारा माणूस तो. मला धसकाच बसला.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही आष्ट्याला राहायचो. आबा पलटणीतून पेन्शनीत येऊन शेती बघत होते, मी गावच्या शाळेत शिकवत होते आणि जिभेची फटकळ म्हणून प्रसिद्ध होते. आबांनी तिथल्या तिथं बेत आखला. बुधवारी पहाटेची एसटी, कऱ्हाडला गाडी बदलायची, पाटणवरून धरण, मग दुपारची लाँच. तीच लाँच संध्याकाळी माघारी यायची. दादाला घेऊन गुरुवारी थेट मिरजेच्या दवाखान्यात. लाँच आठवड्यातून एकदाच, आणि पायी जावं तर रानातून दोन दिवसांची वाट.

आईचा चेहरा उतरला. "बुधवारी? जाशील बुधी तर येशील कधी?"

"पल्टनीत गाडी सुटायची तवा वार कोन बगत हुतं?" आबा म्हणाले.

"तुमी बंदूक घिऊन जात हुता. हितं माझं लेकरू आनायचंय."

यावर आमच्याकडं एक तोड होती. वाईट वारी निघणं भागच असलं, तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवासाची पिशवी शेजाऱ्याच्या घरात नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास त्या दिवशीच सुरू झाला. याला प्रस्थान ठेवणं म्हणायचे. ठेवलेली पिशवी माघारी आणायची नाही, आणि तिला मागं टाकून निघायचंही नाही. मागं टाकली तर ज्याला आणायला निघालो ते माणूस हाती लागत नाही, असं आई म्हणे. तिनं पिशवीत दादाचा धुतलेला सदरा, मूठभर तांदूळ, हळकुंड आणि सुपारी घातली. सोमवारी दिवस मावळायच्या आत मीच ती समोरच्या जैन दुकानदाराच्या घरात नेऊन ठेवली. "आता पिशवी एकटीच जाऊन दादाला घिऊन येईल," असं मी आईला चिडवलंसुद्धा. शाळेत पोरांना ग्रहण समजावून सांगणारी बाई होते ना मी.

मंगळवार उजाडला. आज तापाची पाळी असेल का, हे तिघंही मनात मोजत होतो. ताट समोर आलं की आई उठून दारात जायची.

बुधवारी पहाटे समोरच्या दाराला कुलूप. गवळ्यानं सांगितलं, त्यांची लेक मिरजेला बाळंतपणाला अडली म्हणून सगळं घर रात्रीच्या शेवटच्या गाडीनं गेलंय.

"ऱ्हाऊ दे तितंच," आबा म्हणाले. "सदरा न् सुपारी. दुसरं हाय काय त्यात?"

आई पायरीवर बसली. आबा माझ्याकडं वळले. "मास्तरीणबाई, तू सांग. निघायचं का?"

स्टँडवर एसटीचा हॉर्न वाजला. पिशवीत काही नाही हे मला ठाऊक होतं. तरी त्या कुलपाला पाठ करून मला निघवेना.

"थांबूया आबा," मी म्हणाले. "दुपारपत्तुर येतील ती."

लाँच दुपारीच सुटते, हेही मला ठाऊक होतं.

चौकीला तार करावी, तर ती नेणारीही तीच लाँच. शेजारी गुरुवारी आले, मुलगी झाली म्हणून बर्फी वाटत. मी ती हातात घेतली आणि खाल्ली नाही.

पुढच्या बुधवारी पिशवी घेऊन मी आणि आबा निघालो. लाँचवाल्यानं दादाचं नाव ऐकताच ओळख दिली. "गेल्या बुधवारी धक्क्यावर बसलं हुतं गार्डसायेब. म्या म्हनलं, चला, पल्याड सोडतो. तर म्हनलं, घरची मानसं निघाली असतील, वाटंत चुकामूक व्हईल. फुडच्या फेरीला येतो."

आबा पाण्याकडं बघत राहिले. मला त्यांच्याकडं बघायचं धाडस झालं नाही.

पलीकडच्या धक्क्यावर दादाचा जोडीदार उभा होता, टोपी हातात घेऊन. तो शनिवारी रानवाटेनं पायी सुट्टीवरून परतला होता. "रविवारी गेला," एवढंच म्हणाला. मग जांभळाखालच्या खोपटातून त्यानं एक खाकी पिशवी आणली. "बुधवारी ह्ये घिऊन खाली उतरला हुता. वर नेली न्हाई. मी आनतो म्हनलं तर आनू दिली न्हाई. म्हनला, निघाल्याली पिशवी माघारी न्यायची नसती."

मी पिशवी उघडली. वर सुपारी होती. खाली घडी घालून ठेवलेलं त्याचं कांबळं. त्या डोंगरात, थंडी वाजून ताप येत असताना, तो चार दिवस कांबळ्याविना झोपला होता.

दोन्ही पिशव्या मीच घरी आणल्या. आईचं रडणं ओसरलं तेव्हा तिनं माझा हात धरून विचारलं, "पोरी, खरं सांग. वाटंत कुटं तुमी प्रस्थान मागं टाकून न्हवता न्हवं गेला?"

"न्हाई आई," मी म्हणाले. "घेतलं हुतं."