श्रेयबाई

संगणकाच्या बाईंना सगळी शाळा श्रेयबाई म्हणायची, तेही तोंडावर. मुलांनी केलेल्या फिल्मच्या शेवटी फोटो कोणाचा, आवाज कोणाचा हे लिहिलेलं नसलं की त्या भडकायच्या. "दुसऱ्यानं राबून केलेली वस्तू घेता, आणि नाव लिहायला बोटं दुखतात?" खेळाचं सामान ठेवायच्या जुन्या खोलीत त्यांचा वर्ग भरायचा. शिकवणं एकच : अभ्यासापुरता, लागेल तेवढाच तुकडा घ्या, नाव द्या, आणि वर्गाबाहेर न्यायचं असेल तर आधी विचारा.

आठवीतल्या एका मुलीनं हे फारच मनावर घेतलं. ऊठसूट वाद घालायची, म्हणून तिला 'वकील' म्हणत. तिचे आजोबा काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. कारखाना बंद पडला त्यावर तिनं फिल्म केली आणि शेवटी एका गायिकेच्या गाण्याचा छोटासा तुकडा लावला. वर्गापुरतं चालेल, असं बाईंनी सांगूनही तिनं गायिकेला फोन केलाच.

"वर्गात खुशाल वाजव," गायिका म्हणाली. "जाहिरातीबिहिरातीत मात्र नको हं. आई गेली तेव्हा केलंय ते गाणं."

फिल्म पाहून हेडमास्तर भलतेच खूश झाले. त्यांनी ती मागून घेतली. "सर, वर्गाबाहेर नाही हं," बाई म्हणाल्या. "हो हो, कळतं मला."

थोड्याच दिवसांत ती फिल्म शाळेची जाहिरात म्हणून इंटरनेटवर झळकली. शेवटची सगळी नावं कापलेली. त्या जागी शाळेचं बोधचिन्ह आणि 'प्रवेश सुरू'.

गायिकेनं शाळेत फोन करून हेडमास्तरांना फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी शाळा मैदानात उभी असताना त्यांनी माइक हातात घेतला. "आपल्या एका विद्यार्थिनीनं गाणं चोरलं. शाळेची मान खाली गेली. पुढे ये आणि माफी माग."

वकील पुढे गेली.

"तिनं विचारून घेतलं होतं, सर!" सरांच्या मागून बाई ओरडल्या. "न विचारता तुम्ही घेतलंत. नावं तुम्ही कापलीत. चोर शोधताय ना? मग लेकरामागे कशाला लपताय?"

माइक चालू होता. शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

दुपारपर्यंत संगणकखोलीची किल्ली काढून घेतली गेली. बाईंच्या वाट्याला पाचवीचं गणित आलं. वर हेडमास्तरांनी फर्मान काढलं : यापुढे फिल्मा बंद. गाणी नकोत, फोटो नकोत, डोक्याला ताप नको.

संध्याकाळी फाटकाशी मुलीच्या आईनं बाईंना गाठलं. "तुमच्या नियमांपायी माझी पोर चोर ठरली. बाकीचे सर्रास उचलतात, त्यांना कोणी काही म्हणतं?"

घरी बाईंचा नवरा म्हणाला, "डोकं शांत ठेव." त्यांनी कुकरचं झाकण ओट्यावर आदळलं. "का ठेवू? आख्ख्या शाळेसमोर एका पोरीला चोर म्हटलंय त्यानं, आणि शांत मी व्हायचं?"

मग त्यांनी गायिकेला फोन लावून सगळं सांगितलं. आपल्या तक्रारीचं खापर मुलीवर फुटलंय, हे तिला माहीतच नव्हतं. ती संतापली. तिनं थेट संस्थेच्या अध्यक्षांना बजावलं, जाहिरात तर काढाच, पण त्या मुलीची माफी मागेपर्यंत मी गप्प बसणार नाही.

हेडमास्तरांनी बाई आणि वकील दोघींना केबिनमध्ये बोलावून दार लावलं. "झालं गेलं विसरून जाऊ या."

बाईंनी उठून दार सताड उघडलं. "मैदानात बोललात ना? मग मैदानातच परत घ्या."

ते बरेच दिवस टाळत राहिले. अध्यक्षांनी दटावल्यावर एका सकाळी, क्रीडास्पर्धेची सूचना आणि गणवेशाची सूचना यांच्या मधे, ते घाईघाईनं म्हणाले, "जाहिरातीबाबत कार्यालयाकडून चूक झाली. विद्यार्थिनीचा दोष नव्हता." माफी हा शब्द काही तोंडातून निघाला नाही.

जिन्यात वकील बाईंच्या शेजारून चालू लागली. मैदानातल्या त्या दिवसापासून ती शाळेत कुणाशी धड बोलली नव्हती.

"बाई, ही माफी झाली का?"

"छे. ही पळवाट झाली."

"मला अजून राग येतोय."

"येऊ दे," बाई म्हणाल्या. "मलाही येतोय." आणि खडूची पेटी उचलून त्या पाचवीच्या वर्गात शिरल्या.